ब-खालची रेघ

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीमागं आमचा छापखाना.
लग्नपत्रिका, सौद्याच्या पावत्या, कुस्त्यांची हँडबिलं,
एवढंच जुळवत होतो मी, रंगराव सुतार, वय एकोणीस,
तेव्हा वळिवडे कॅम्पातनं सायकल मारत
झमटमल वाधवाणी आले.
कॅरेजला दप्तर, सुतळीनं आवळलेलं.

म्हणाले, मासिक काढायचंय. नाव ‘पाडो’.
आमच्यात पाडो म्हणजे गल्ली, शेजार.
आणि पाड म्हणजे मूळ, झाडाचं.
मी म्हटलं, आमच्यात पाड म्हणजे खाली आपट.
हसले. तेही झालंच की, म्हणाले.

त्यांच्या बराकीच्या दारावर अजून
पोलंडच्या कुण्या बाईचं नाव होतं, निळ्या रंगात.
पुसलं नव्हतं.
पाहुण्यानं पाहुण्याचं काय पुसायचं?

मजकूर सगळा उजवीकडून डावीकडं,
ओळीवर मोहरी सांडावी तसे ठिपके.
“पोरं मराठी शाळेत जातात.
त्यांना ग गवताचा येतो, हे येत नाही.
मी वाचतो, तू नागरीत जुळव.”

चार आवाज आडवे आले.
ग, ज, ड, ब, पण बाहेर न टाकता
आत ओढायचे, पाण्याच्या घोटासारखे.
त्यांचे खिळे कुठल्याच केसात नव्हते.
साधा ब बसवतो, म्हटलं, कोण बघतंय.

अंक निघाला. तिसऱ्या दिवशी झमटमल दारात.
एका ओळीवर बोट ठेवलं. रागावले नाहीत.
“आत ओढलेल्या ब-चा बार म्हणजे मूल.
साध्या ब-चा बार म्हणजे ओझं.
तू छापलंयस,
आमची ओझी आता शाळेत जाऊ लागली.”
मग जरा थांबून,
“सरकारी कागदात तसंच असतं म्हणा.
आपण नको लिहूया.”

त्या रात्री पितळी रूळ कानशीनं घासून
तांदळाच्या कणीएवढ्या रेघा पाडल्या.
एकेका ब-खाली एक.
उरलेल्या काड्यापेटीत.

म्हातारे मात्र अंक मागनंच उघडायचे
आणि कुरकुरायचे, सुरुवात कुठंय?
मग आम्ही दोन तोंडांचा काढला:
डावीकडनं नागरी,
उजवीकडनं त्यांची लिपी, हातानं लिहून सायक्लोस्टाइल केलेली.
दोन्ही मधे भेटायच्या, पिनांपाशी.
तिथं लीलाराम कापडवाल्याची जाहिरात:
धोतरं, लुगडी, रोखीनं स्वस्त.

एकदा त्यांना बांधलेला फर्मा दाखवला.
खिळ्यावर अक्षर उलटं असतं,
आपलीच नागरी, पण ओळ उजवीकडनं निघते.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
शाई लागंल म्हटलं तरी फर्म्यावरनं बोट फिरवत राहिले.
त्या दिवसापासनं मी त्यांचा रंगूमल.

अंक एकोणीस निघाले.
विसाव्याच्या कागदाचं बिल थकलं
आणि झमटमल मुलीकडं अजमेरला गेले.
तिथनं एक कार्ड आलं, मराठीत.
शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या.
सगळं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं माझं,
त्या दोन दुरुस्त केल्या नाहीत.

परवा नातीच्या बस्त्याला गांधीनगरात गेलो.
बराकींचा पत्ता नाही, नुसती दुकानं.
गल्ल्यावरचा पोरगा लीलारामाचा पणतू निघाला.
“आजोबा, काठ तर बघा, लई भारी हाय!”
माझ्याहून कोल्हापुरी.
विचारलं, झमटमल वाधवाणी?
मान हलवली.
पाडो?
“न्हाई बा. ब्रँड हाय का?”

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन.
एका वाक्यात हळूच एक ब
बाहेर पडायचा तो आत गेला.

काउंटरच्या काचेवर
माझ्या नखानं बारकी रेघ ओढली.

“काय झालं, आजोबा?”
काय न्हाई.
तो हिरवा शालू दाखव.