पाच रंग दोरी

भाड्याची एकच होडी उरली होती.
म्हाताऱ्या डेल्फीनने वहीत पेन्सिल आडवी ठेवली,
एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लूशियाँकडे,
म्हणाली, "जायचं तर दोघं जा,
नाहीतर घरी जाऊन भांडी घासा."
चाळीस डॉलर अनामत. उंदरांनी कुरतडलेली दोन जॅकेटं.
पाणी उपसायला कॉफीचा डबा.

मेनच्या उत्तरेला मे महिना हा असा:
बर्फ फुटून दहा दिवस झालेले,
देवदारांच्या सावलीत अजून मळकट ढिगारे,
आणि पाणी इतकं गार
की हात बुडवला तर आधी हाड ओरडतं, मग कातडी.

चौदा फुटी होडी. तो नाळेवर, मी इंजिनाशी.
मधल्या फळीवर एकोणीस वर्षं,
पाय पसरून बसलेली.

या मासेमारीत करायचं काहीच नसतं,
तेच अवघड.
होडी चालती ठेवायची,
गुडघे दुखणारा माणूस चर्चला जातो त्या चालीने,
आणि मागे, खूप मागे, खूप खाली
जखमी स्मेल्टचं सोंग घेतलेलं पीस
लंगडत यायला हवं.
घाई केलीत तर सोंग उघडं पडतं.
थांबलात तर ते तळाशी जाऊन बसतं.

दोरी शिशाच्या गाभ्याची,
दर तीस फुटांवर रंग बदलणारी.
इथे फूट कुणी मोजत नाही.
"किती?" त्याने तळ्याला विचारलं.
"पाच रंग," मी इंजिनाला सांगितलं.
तांबडा गेला, पिवळा गेला, निळा गेला.
हिरव्याशी मला आठवलं

की संपाच्या आठव्या महिन्यात
कागद गिरणीच्या फाटकातून
मान खाली घालून आत गेला तो मी.
बाहेर फलक धरून उभा होता तो.
त्याआधी अकरा वर्षं एकाच यंत्रावर:
तो ओल्या टोकाला, मी कोरड्या.
त्याच्याकडून लगदा निघायचा,
माझ्याकडे कागद होऊन पोचायचा, कोमट.
आता गिरणीच नाही.
चिमणी पाडली तेव्हा सगळं गाव बघायला आलं.
आम्हीही गेलो, रस्त्याच्या दोन बाजूंना.

खडकाळ टोकापाशी वळावं लागतं.
वळताना बाहेरची दोरी पळते, वर येते,
आतली मंदावते, खोल जाते.
"माझ्या अंगाला वळ," तो म्हणाला.
एवढ्या वर्षांतलं पहिलं पुरं वाक्य,
तेही सुकाणूबद्दल.

वळलो. त्याची काठी पाण्यापर्यंत वाकली.
सॅमन दोनदा हवेत गेला,
तिसऱ्यांदा नुसती चकाकी.
जाळं मारायचं तर मधल्या फळीवर यावंच लागतं.
मी आलो. गुडघ्याला गुडघा लागला.
चंदेरी अंग, पाठीवर काळ्या फुल्या,
कुणी तारखा खोडत गेल्यासारख्या.
पट्टी लावली: साडेपंधरा इंच.
नियम सोळाचा.
त्याने शेपूट चिमटून पुन्हा मोजलं.
"सोड."

मी त्याला पाण्यात धरून राहिलो
कल्ले चालू लागेपर्यंत.
हात बधिर झालेले. तो कधी गेला
ते बोटांना कळलंच नाही.

तोवर इंजिन थांबलेलं, माझी दोरी तळाला,
बुडीत ओंडक्यात रुतलेली.
आमच्या आज्यांनी गिरणीसाठी वाहवत आणलेले,
तळाशी अजून पडून आहेत, सालीसकट.
अर्धा तास तो होडी मागेपुढे करत राहिला.
मग त्याने चाकू दिला, मुठीकडून.
तीन रंग खाली राहिले.

धक्क्यावर त्याने वीसची नोट ठेवली, मी वीसची.
"दोरीचे निम्मे?" त्याने विचारलं.
"जुनीच होती," मी म्हणालो.
"शनिवारी दोन होड्या मोकळ्या आहेत," डेल्फीन म्हणाली.
वहीकडे कुणीच हात नेला नाही.

बाहेर त्याचा ट्रक बराच वेळ सुरू होईना.
मी काच खाली करून बसून राहिलो.