मार्गे गगनबावडा

आषाढात काबरीनं अंडं घातलं, त्याला कवचच नव्हतं.
तळहातावर घेतलं तर थरथरलं,
नुसतं ओलं कातडं, आत पिवळं काही हलणारं.
कुंपणापलीकडून हौसाक्का म्हणाली, "दिष्ट हाय."
मी खुराड्यावरून मीठ-मोहऱ्या उतरल्या.
दुसऱ्या दिवशी मानमोडीनंही तसंच घातलं.

गुरांचे डॉक्टर शेजारची म्हैस बघायला आले होते,
जाता जाता म्हणाले, "चुना कमी पडतोय मावशी,
शिंपले कुटून घाला."
बालिंग्यात शिंपले!
आमच्याकडे नदी आहे, ऊस आहे,
गुऱ्हाळाची राख मागाल तेवढी.

पण जावेचा सर्जेराव मालवण गाडीवर कंडक्टर.
त्याला निरोप गेला.
आठव्या दिवशी गाडी फाट्यावर थांबली,
दारातून साखरेचं जुनं पोतं खाली आलं,
"काकू, समुद्र घ्या!"
आणि डबल बेल.

पोतं सोडलं तसा परड्यात वास सुटला.
मांजर तीन दिवस तिथून हललं नाही.
तिसऱ्या, कालवं, बोटाएवढे पोकळ शंख,
आणि एक होडीसारखं, पांढरं, नखानं ओरखडा उठणारं.
हे मात्र मी ओळखलं. समुद्रफेन.
कान फुटला की आई हेच उगाळून घालायची,
शनिवारच्या बाजारात कागदाच्या पुडीत मिळायचं.
ते माकुलाच्या पाठीतलं हाड, हे सर्जेरावानं सांगितलं.
पन्नास वर्षं मी त्याला
लाटेचा वाळलेला फेस समजत होते.

तीन पाण्यांनी धुतलं.
धुवण कढीपत्त्याच्या बुंध्याला ओतलं,
तो महिन्यात वाळला. चूक माझी.
चुलीच्या आरात भाजलं, लोखंडी खलात कुटलं,
ज्वारीच्या कण्यांएवढं ठेवलं.
पीठ केलं तर कोंबड्या तोंड लावत नाहीत.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी मान वाकडी करून
एका डोळ्यानं बघितलं.
मानमोडीनं एक कण उचलला, टाकला,
परत उचलला.
मग जी टकटक सुरू झाली,
पत्र्यावर वळवाच्या गारा पडाव्यात तशी.
पंधरवड्यानं अंडं फोडायला
तव्याच्या काठावर दोनदा आपटावं लागलं.
हौसाक्का म्हणाली, "उतरली बघ दिष्ट."
मी हो म्हटलं. तिला दोन अंडी दिली.

दिवाळीनंतर सर्जेरावाची ड्युटी पुणे गाडीवर लागली.
पुण्याहून काय आणणार तो, बाकरवडी?

मग मीच निघाले. अर्धं तिकीट, खिडकी,
भाकरी-झुणक्याचं फडकं, दोन रिकाम्या पिशव्या.
घाटात दोनदा ओकले.
समुद्र बघितला. मोठा आहे.
जास्त बघत बसायला वेळ नव्हता,
परतीची गाडी अडीचची.
लोक पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होते,
मी पाण्याकडे पाठ करून वाकले,
भुईमूग भांगलायला वाकावं तशी
पात धरून पुढे पुढे.
कालवं फोडणाऱ्या एका बाईनं विचारलं,
"ह्यां कित्याक गे तुका?"
"कोंबड्यांना," म्हटलं.
ती इतकी हसली की तिचा कोयता हातातून पडला.
मग तिनं कवचांची आख्खी पाटी
माझ्या पिशवीत उपडी केली,
वर हिरवं शेवाळ ठेवलं मूठभर,
कशाला ते मला कळलं नाही.

शेवाळ कुणी खाल्लं नाही. अजून दोरीवर वाळतंय,
कावळे येऊन बघून जातात.

त्या रात्री घरी लुगडं सोडलं
तर निऱ्यांतून वाळू पडली, चिमूट-दोन चिमूट.
केरसुणीनं सुपलीत घेतली,
बाहेर फेकायला दारापर्यंत गेले,
परत आले,
सुपली चुलीमागं ठेवली.
सकाळी कण्यांबरोबर तीही टाकली.
काबरी सगळ्यांत आधी धावली.