सत्तावीस अंश

सिम्युलेटरच्या आत कायम सत्तावीस अंश.
शिरोलीच्या शेडमध्ये एप्रिल,
शेजारच्या फाउंड्रीत लोखंडाचा रस ओतताहेत,
डोक्यावरचा पत्रा कुरकुरतोय.
मी तापमानाच्या रकान्यात त्रेचाळीस लिहिते
आणि पडद्यावरची खरखर केसभर वर सरकते.

काहीच काम नसलेला रोधकही कुजबुजत असतो.
त्याला वीज नको, निरोप नको,
नुसती ऊब पुरते.
कॉलेजात हे सूत्र पाठ केलं होतं,
पटलं ते इथे, रात्रपाळीत,
वॉचमनसुद्धा झोपल्यावर.

दोन खरखरी भेटल्या की
तीन आणि चार सात होत नाहीत,
पाच होतात.
अनोळखी असतात, एकमेकींचं थोडं खोडत जातात.
एकाच सप्लायवरून आलेली भावकी असली
तर मात्र पुरते सात.

ऐकायची आहे नदी.
बंधाऱ्यावरचा मापक दर दहा मिनिटांनी पातळी सांगतो
इतक्या हळू, की
रंकाळ्याच्या त्या काठावर कुणी भुईमुगाची शेंग फोडावी
आणि या काठावर मी दाणे मोजावेत.
म्हणून पहिल्या ट्रान्झिस्टरवर सगळा जीव.
त्यानं चुकीचं ऐकलं
तर पुढचे सगळे तीच चूक
मोठ्यानं म्हणत जातात.

खरखर कुणाचीच नसते.
विकृती आपली.
पेलवेना एवढं जोरात कुणी बोललं की आपण वाकतो,
आणि वाकताना
त्यानं न म्हटलेलंच बोलून जातो.

मी दोन शुद्ध स्वर आत सोडले.
दोघांच्या बाजूला तिसरा उगवला,
कुणी न पाठवलेला,
नेमका नदीच्या जागी.
पडद्यावर तो ऐंशी डेसिबल खाली, गुमान.
खऱ्या अँटेनाला जोडलं तर चाळीस.

तीन आठवडे.
मॉडेल बदलली, पायरी बारीक केली,
मध्यरात्री गणित जुळेना म्हणून मशीन रुसलं.
इथे अपघातालाही बी असतं:
तोच आकडा पेरला की तीच खरखर,
शेवटच्या काट्यापर्यंत तीच.
असा आज्ञाधारक अपघात
शिरोली नाक्यावर मी कधी पाहिला नाही.

गंगावेशीतले बाबालाल मुजावर
एक ट्रान्सफॉर्मर मागायला आले होते.
चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानांना भोंगे लावले,
उजव्या कानानं आता कमी येतं.
चहा घेता घेता पडद्याकडे बघत राहिले.
"ह्यात गंज कुठं घातलाईस?"
"गंज नाही घातला, चाचा."
"मग हे कुठलं गाव म्हणायचं?"

शिडी मागवली. वर गेले.
अँटेनाच्या खांबाचा एक बोल्ट,
दोन लोखंडांच्या मध्ये तांबूस पापुद्रा:
फुकटचा डायोड,
कुणी न काढलेला, कुठल्याच आराखड्यात नसलेला.
पान्याचे दोन आवाज, मग पॉलिश पेपर बराच वेळ.
खाली मी काट्यावर डोळे लावून,
"उतरला! चाचा, उतरला!"
"मी न्हाई अजून," वरून उत्तर.
मग उतरताना, धापा टाकत,
"गंजाचा नाद करायचा न्हाई."

लायब्ररीत हजारो मॉडेल आहेत.
हा बोल्ट किती पावसाळ्यांचा,
फाउंड्रीचा धूर त्यानं किती खाल्ला,
कुणी घाईत अर्धाच आवळून जेवायला गेला होता,
हे भरायला रकाना नाही.
मी आराखड्यात अँटेनाच्या पायाशी एक डायोड काढला.
किंमत लिहायची जागा
अजून कोरी आहे.

पहाटे तीन दहाला नदी बोलली:
अकरा फूट दोन इंच.
बाकी सगळी खरखर.
तिला मी काही केलं नाही.
शेडमध्ये तेव्हा एकतीस अंश होते
आणि फाउंड्रीची भट्टी
निवत होती.