बिनकानाचा कप

तिकिटावर लिहिलं होतं: सात पदार्थ, सात गाणी.
व्हिएतनाम, ह्वे शहर, सुगंधी नदी, नाव सुटणार साडेसातला.
सुटली आठ वाजून पाच मिनिटांनी,
कारण सुकाणूवरच्या बाईंना
पोराचा भागाकार तपासून द्यायचा होता.

पुढे पत्र्याचे दोन ड्रॅगन,
एकाचा दात तारेनं बांधलेला.
आत प्लास्टिकच्या खुर्च्या, लाल टेबलं,
आम्ही एकोणीस जण, कुणीच कुणाचं नाही.
मी खुर्ची बदलून मागितली,
गाणं उजवीकडे येईल अशी.
डावा कान माझा केव्हाच गेलाय,
चाळीस वर्षं छापखान्यात, यंत्राला खेटून.

गाजराचा कोरलेला पक्षी आला, पहिलं गाणं आलं.
निवेदक म्हणाला, या गाण्यात एक बाई वाट बघते.
इवल्या बश्यांतून तांदळाच्या पांढऱ्या वड्या आल्या,
वर कोळंबीचा भुगा. दुसरं गाणं.
यातही, तो म्हणाला, एक बाई वाट बघते,
पण दुसऱ्या काठावर.
तिसऱ्याला तो नुसताच हसला
आणि सगळ्या नावेला कळलं.

त्रक नावाचे म्हातारे गृहस्थ
एकाच तारेतून इतकं काढत होते
की वाटावं, उरलेल्या तारा कुठेतरी लपवल्यात.
डाव्या हातानं एक वाकडी दांडी हलवायची
की सूर कलायचा,
बोलता बोलता कुणाचा आवाज भरून यावा तसा.

गाणारी दिएम. निळा पायघोळ झगा,
रबरी चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या.
दोन्ही हातांत दोन दोन कप,
चहाचेच, छोटे, बिनकानाचे.
बोटांत अडकवून ती ते वाजवायची:
किण्, किणकिण्, किण्.
खिळे जुळवताना व्हायचा तसा आवाज.
किती वर्षांनी ऐकला.

पाचव्या गाण्यात एक दुमजली बोट
कर्कश्श स्पीकर लावून शेजारून गेली.
लाट आली, नाव कलली, एक कप निसटला.
फुटल्याचं मला ऐकू आलं नाही,
डावीकडे पडला असणार.
त्रक यांचा हात तेवढा दिसला,
सूर लांबवत ठेवलेला,
कुणी यायचंय म्हणून दार धरून उभं राहावं तसा.

ती थांबली नाही.
गातगातच दोन पावलं पुढे आली,
माझ्यासमोरचा कप उचलला,
उरलेला चहा खिडकीतून नदीला दिला
आणि परत जागेवर.

माझा कप बेसूर निघाला.
जाडजूड, घाऊक मालातला.
बाकीचे तिघे किण् म्हणत, हा म्हणे ठक्.
दोन ओळी ती चाचपडली.
मग तिनं गाणंच थोडं सरकवून
त्या ठक्‌ला जागा करून दिली,
ओळीच्या शेवटी, जिथे बहुधा
ती बाई वाट बघायचं सोडून उठते.
बहुधा. निवेदक जेवत होता.

सातव्या पदार्थाला फळं, सातव्या गाण्याला दिवे.
कागदी फुलात मेणबत्ती.
जो तो वाकून पाण्यावर सोडत होता,
डोळे मिटून काहीबाही मागत.
पूल जांभळा झाला, मग हिरवा.
मागच्या टोकाला तो भागाकारवाला पोरगा
लांब दांड्याच्या जाळीनं
विझलेली फुलं परत काढत होता,
पुढच्या फेरीसाठी.
एकोणीस सोडली, सतरा सापडली.
बाकी दोन.

उतरताना दिएम जवळ आली,
कप पुढे धरून काहीतरी विचारलं,
नेमकं डाव्या बाजूनं.
मी आपली मान डोलावली.
ती हसली, कप उलटा करून झटकला
आणि परत बोटांत अडकवला.

साडेनऊच्या फेरीची माणसं चढली.
नाव सुटली.
रिक्षावाले हाका मारत होते
आणि मी धक्क्यावर
शहराकडे बघत उभा होतो,
उगाचच आडवा,
उजवा कान नदीकडे करून.