तीस सेकंदांचं भोक

फायनलच्या रात्री नेटवर्क आम्हाला
तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक भोक देतं,
बरोबर तीस सेकंदांचं.
बाकी जाहिराती देशभरच्या. त्यांच्या एका सेकंदात
डुलूथमधली माझी अख्खी गल्ली विकत येईल,
कोपऱ्यावरच्या चर्चसकट.
हे भोक मात्र ज्याच्या त्याच्या गावाचं.
मी कंट्रोल रूममध्ये बसते आणि ते बुजवते.

यंदा ते रेइनो कांगासनं घेतलं.
बेचाळीसशे डॉलर. सेकंदाला एकशेचाळीस.
सेल्सच्या ग्लेननं आकडे मांडले:
इतकी घरं, इतके डोळे, डोळ्यामागे इतके सेंट.
रेइनोनं टोपी काढून कागद वाचला,
"डोळे जोडीनं मोजलेत की एकेक?" विचारलं,
आणि चेक लिहिला.

शूटिंगला मीच गेले.
दुकानाबाहेर लाल स्नो-ब्लोअरची रांग,
जानेवारी सरत आलेला तरी जमीन उघडी,
सरोवर नुसतं शिशाच्या रंगाचं.
एकच टेक. दुसऱ्याचे पैसे वेगळे.

"बासष्ट सालापासून," रेइनो म्हणाला,
"डुलूथचा बर्फ आम्ही उपसतोय,
आम्ही म्हणजे कांगास अँड..."

तिथं घोडं अडलं.

नऊ सेकंद.
मागे पाटी कुरकुरत राहिली.
एक कुत्रा फ्रेममध्ये आला, बसला, उठून गेला.
मग "या एकदा," एवढंच, आणि फोन नंबर.

मी म्हटलं, कापू या, वर संगीत टाकू.
ग्लेननं तोंडी हिशेब केला:
बाराशे साठ डॉलरची शांतता,
म्हणजे एक मशीन, चाकांसकट.
रेइनो म्हणाला, "राहू दे. भरलेत ना पैसे."

त्या रात्री आधी एक गाडी वाळवंट चिरत गेली,
मग चिप्स नाचले, एक अस्वल विम्याबद्दल बोललं,
आणि मग माझं बोट.

डोरीन सांगते, तिच्या बारमध्ये
साठ माणसं बोंबलत होती, ती गप झाली.
आवाज गेला म्हणून कुणी रिमोट चाचपला.
बाथरूमकडे निघालेला एकजण
दारातच उभा राहिला, हात पँटच्या पट्ट्यावर,
वर्गात मास्तर धडा विसरले की पोरं होतात तसा.

मशीन किती खपली? दोन.
त्यातलं एक मेव्हण्यानं नेलं.
बर्फ मार्चपर्यंत फिरकलाच नाही.
ग्लेन म्हणतो, पैसे पाण्यात गेले;
पाणी तरी कुठं होतं?

एप्रिलमध्ये रेइनो स्टेशनवर आला,
ओल्या बुटांनी दारातच थांबला.
"माझे दोघंही फिनिक्सला असतात," म्हणाला,
"फायनल तिकडेही लागते ना?
त्याच वेळी?"

लागते. त्याच वेळी, त्याच चेंडूची.
फक्त भोक त्यांचं वेगळं.
मी काढून पाहिलं होतं: त्याच तीस सेकंदांत
तिकडे चड्डीतला एक पोरगा
लांब दांड्याच्या जाळीनं
निळ्या तलावातलं एकेक पान काढत होता,
आणि खाली पोहण्याचे तलाव साफ करणाऱ्यांचा नंबर.

हे मी सांगितलं. पान सोडून सगळं सांगितलं.

तो बराच वेळ टोपीची कड फिरवत होता.
मग काउंटरवर वाकून,
शेजारच्या टेबलावर ग्लेन आहे की नाही बघून,
हळूच विचारलं,

"तिकडं सुटी मिळतात का सेकंदं?
मला नऊच हवीत."