अकरा ते चार

अहमदीच्या चर्चमागे
एसीच्या नळ्यांखाली बादल्या लावलेल्या असतात.
शुक्रवारची मिस्सा संपली की
सिस्टर क्लेमेन्सिया बाह्या दुमडते
आणि एकेक बादली निंबाच्या आळ्यात रिती करते.
आठवड्याला एकशे चाळीस.
भिंतीवर खडूने रेघा.
थेंबाचाही जमाखर्च लागतो तिला.

मीही हिशेबाचाच माणूस.
इनास मच्याडो, गाव भुईगाव,
हुद्दा टाइमकीपर.
कोण आत आला, कोण बाहेर गेला,
कोणाचा अर्धा दिवस कापायचा.
आणि जून ते ऑगस्ट, अकरा ते चारच्या रकान्यात
तीनशे बारा नावांपुढे एकच शब्द:
विश्रांती.

कायदाच तसा आहे. चांगला कायदा आहे.
त्या वेळी सळईला हात लावला
तर कातडी सळईलाच राहते.
फोरमन म्हणायचा, मच्याडो, स्लॅब थांबत नसतो,
रकाना भर.
मी भरायचो.
केबिनमध्ये माझ्या डोक्यावर एसी,
त्याचं पाणी बाहेर वाळूत टपटपायचं,
वाळू ते तिथल्या तिथे पिऊन टाकायची,
जणू काही सांडलंच नाही.

पोशेट्टी तिथे ओंजळ धरायला यायचा.
निजामाबादकडचा. सळया वाकवायचा.
तोंडावर पाणी मारून काचेतून हसायचा,
"सार, तुमचा पाणी एकदम थंडा."
दुसऱ्या वर्षी त्याचे पाय सुजले.
तिसऱ्या उन्हाळ्यात मूत्रपिंडांनी हात टेकले.
कंपनीने लिहिलं: आजार जुना, कामाशी संबंध नाही.
पुरावा म्हणून जोडलं माझं रजिस्टर,
माझं वळणदार अक्षर.

कुमसाराला गेलो तेव्हा
शिव्या सांगितल्या, चुकलेल्या मिस्सा सांगितल्या,
भावाशी धरलेला अबोला सांगितला.
हे नाही सांगितलं.
हे पापांत धरायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.
ही नोकरी होती.

माझा बा पाण्याची पाळी लिहायचा.
बावखलातलं पाणी कोणाच्या केळीला, किती वेळ,
खिशातल्या वहीत, पेन्सिलीने.
सख्ख्या भावालाही पाव घटका जास्त नाही.
पुढे बावखल बुजलं, त्याच्यावर चार मजले चढले.
आम्हीच विकलं. त्याच पैशात माझा व्हिसा आला.
सवय तेवढी हातात राहिली.
रजिस्टरात विश्रांती लिहून झाली
की मी खिशातल्या वहीत दुसरं लिहायचो:
पोशेट्टी, अकरा ते चार, स्लॅब सहा.
मोतालेब, अकरा ते चार, स्लॅब सहा.
का लिहायचो? विचारू नका.
कोणाला दाखवायला तर नाहीच.

चर्चच्या हॉलमध्ये घडीच्या टेबलावर
पगार अडकलेल्यांचे अर्ज भरले जातात.
तिथली मार्लिन चार घरांची धुणी करून येते
आणि अरबी फॉर्म माझ्यापेक्षा भराभर वाचते.
तिने पोशेट्टीची फाइल मिटली तेव्हा
सिस्टरने माझ्या हातात बादली दिली.
आळ्याकडे बघत म्हणाली,
"कोणीतरी खरे तास लिहिले असतील का रे?"
उपदेश नाही, बायबल नाही.
बादली जड होती.
थोडं पाणी माझ्या बुटात गेलं.

वही दिली.

त्याला आता अकरा महिने झाले.
माझी नोकरी गेली, ते वेगळं.
खटला चालू आहे, म्हणजे तारखा चालू आहेत.
मोतालेब आणि आणखी नऊ जणांनी सह्या केल्या,
बाकीचे घाबरले. मी तर तीन वर्षं घाबरलो होतो,
त्यांना कुठल्या तोंडाने बोलू?

पोशेट्टीचा फोन येतो, डायलिसिस नसेल त्या दिवशी.
डॉक्टरने त्याला पाणी मोजून दिलंय,
दिवसाला चार पेले, डाळीतलं धरून.
तोही आता भिंतीवर रेघा मारतो.
विचारतो, "सार, तिकडे काय चाललंय?"
मी सांगतो, निंब गच्चीला लागलाय,
सावलीत दहा माणसं बसतात.

बादल्यांचा आकडा त्याला सांगत नाही.