गिलावा

विटांच्या भिंतीवर आम्ही खडूने लिहितो.
डावीकडे झालेलं, उजवीकडे व्हायचंय ते.
डावी बाजू अजून दाराच्या चौकटीपर्यंतसुद्धा आलेली नाही,
उजवी केव्हाच कोपरा वळून
न्हाणीघराच्या दिशेने गेली.

अडीच बिघे, सिमरोलच्या अलीकडे,
रस्त्यापासून आत, दोन वळणं आणि एक हापसा.
लोकमान्य नगरात शेजारी विचारतात,
"फार्महाउस का?"
सौमित्र हो म्हणतो, मी नाही म्हणते,
मग दोघंही विषय बदलतो.

तारेचं कुंपण तीन बाजूंना झालं.
चौथ्या बाजूला भेरूलालजींचा हरभरा, आणि त्यांचा शब्द,
जो तारेपेक्षा स्वस्त पडला
आणि आजवर कुठे सैल झालेला नाही.
रोजड्यांना मात्र शब्द कळत नाही.
पौषात एका रात्री सात-आठ आले,
लसणाच्या वाफ्यांतून सरळ चालत गेले.
खाल्लं काही नाही, नुसती वाट काढली.
सकाळी सौमित्र हातातला चहा निवेपर्यंत बघत राहिला,
मग बूट घालून
पीथमपूरच्या बसला गेला. शिफ्ट होती.

मी सियागंजच्या दोन दुकानांचे हिशेब ठेवते,
फोनवरून, नेट असेल तेव्हा.
नेट गोठ्याच्या दारातच लागतं.
तर हळदीचा घाऊक भाव ऐकत ऐकत
इमरतीची धार काढायला शिकले.
पहिल्या दिवशी पाव वाटी, त्यातही एक केस.
(इमरती ही बकरी. नाव शाल्मलीने ठेवलं,
शिंगं तशी वळलेली आहेत म्हणून.)

बोअर तीनशे दहा फुटांवर कोरडी निघाली.
ते भिंतीच्या कुठल्या बाजूला लिहावं
यावर आमचं भांडण झालं.
झालेलंच ना ते? खर्च तर झालाच.
शेवटी भेरूलालजी आले, अंगठ्याने ढेकूळ चुरलं,
"असो नी," म्हणाले, आणि उताराच्या तळाशी
काठीने एक गोल काढला.
तिथे आता कंबरभर खड्डा आहे.
रविवारी खणतो.
बाकी सहा दिवस त्यात सावली भरते.

लिंबं चौदा लावली, अकरा उभी आहेत.
पपया मोजत नाही, त्या खताच्या ढिगातून
नातेवाइकांसारख्या न विचारता येतात.

उजवीकडे आहे सौरपंप.
मुंगूस शिरणार नाही असं खुराड्याचं दार.
दुसरी खोली, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.
ते मी काढलं होतं. गेल्या महिन्यात
मीच बोटाने पुसलं.
सौमित्रने पाहिलं, काही बोलला नाही,
रात्री अंगणात उभा राहून
फोनवर कुणाला तरी विटांचा भाव विचारत होता.

शाल्मली सहा वर्षांची. तिचा हात पोचतो तिथे,
खालच्या चार थरांवर, तिचं वेगळं खातं:
मुंगसाला पण घर.
गांडूळ आले.
त्याच्यापुढे बरोबरची खूण.
खरंच आलं. वर्षानुवर्षं सोयाबीन काढून
दमलेली ही जमीन, दीड वर्ष तिला
पाला, शेण, लेंड्या, रसाच्या गाडीवरची चिपाडं
असं मिळेल ते भरवत होतो,
आणि एका सकाळी ही मूठ मिटून धावत आली.
उघडली तर ओलं, गुलाबी,
आमच्याइतकंच गोंधळलेलं.
त्या दिवशी सौमित्रची बस चुकली.

उजवीकडच्या यादीत गिलावा दुसरा होता.
मग चौथा केला. मग सौरपंपाच्याही खाली.
गवंडी विचारतो, "ताई, कधी?"
मी म्हणते, थंडी संपू दे.
थंडी तर संपत आली.
काल खजुरी बाजारातून
खडूचं नवं खोकं आणलं.